दोन मिनिटांसाठी लावलेली गाडी

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या इमारतीतल्या एका खालांच्या छातीत दुखू लागलं. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली, पण फाटकातच अडली. आत रांगेच्या मागे एक गाडी आडवी उभी होती. हँडब्रेक ओढलेला, काचेवर नंबर नाही. शेवटी चौघांनी खालांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून फाटकापर्यंत नेलं. अल्हम्दुलिल्लाह, त्या आता बऱ्या आहेत. गाडीवाला नंतर म्हणाला, "सर, दोन मिनिटांसाठीच लावली होती."

मला राग आला आणि लाजही वाटली. कारण हेच वाक्य मीही बोललो आहे. एका शुक्रवारी जुम्याला उशीर होत होता म्हणून मशिदीजवळ एका टेम्पोसमोर मी गाडी लावून आत गेलो. बाहेर आलो तर भाजीवाले काका टेम्पोला टेकून उभे. ते एवढंच म्हणाले, "झाली का नमाज, सर? आता काढू का टेम्पो?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मशिदीच्या दारात चपला आपण नीट कप्प्यात ठेवतो, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. मग गाडीच्या बाबतीत हे भान कुठे जातं? वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचाच एक भाग असल्याचं हदीसमध्ये आहे, हे मी वर्गात मुलांना शिकवतो. वाटेतला दगड उचलायचा आणि तिथेच गाडी उभी करायची, हे कसं चालेल? ज्या माणसाची वाट अडवली, त्याचा हक्क आपण मारला. तो हक्कुल इबाद आहे. त्याची माफी त्याच माणसाकडे मागावी लागते.

इमारतीत तर "ही माझी जागा" असा वाद रोजचाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं की मोकळी आणि खांबांखालची पार्किंगची जागा सामाईक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. जागा सर्वांची, म्हणून जबाबदारीही सर्वांची.

उपाय साधे आहेत. काचेवर मोबाइल नंबर ठेवा आणि रात्रीही फोन उचला. फाटकापासून जिन्यापर्यंतचा पट्टा पिवळ्या रंगाने आखून कायम मोकळा ठेवा. जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर दोन तरुण गाड्या लावून देण्यासाठी उभे राहोत. जवळ राहणाऱ्यांनी पायी यावं, त्यात सवाबही आहे.

पुढच्या शुक्रवारी मी काकांची माफी मागितली. ते हसले आणि एक जुडी कोथिंबीर पिशवीत टाकली. पैसे घेईनात. तेव्हापासून मी जुम्याला चालत जातो.