पक्षी नकोत, माणसं छापा

मा. क्रिस्तीन लागार्द,
अध्यक्ष, युरोपीय मध्यवर्ती बँक, फ्रँकफर्ट



युरोच्या नव्या नोटांसाठी आपल्या बँकेने दोन विषय विचारासाठी निवडले. एकात गायिका मारिया कॅलास, बीथोव्हन, मेरी क्युरी, सर्व्हान्तेस, लिओनार्दो आणि शांततावादी बेर्था फॉन सुटनर. दुसऱ्यात नद्या नि पक्षी. मी परका माणूस, खिशात रुपये बाळगणारा. तरी सांगतो, पक्षी नकोत. ती भांडण टाळायची वाट, पुलांसारखीच.

२००२ साली पहिल्या नोटा हातात आल्या तेव्हा त्यांवर पूल होते, आणि त्यातला एकही पूल युरोपात कुठेच नव्हता. खरा पूल छापला असता तर 'त्यांचाच का, आमचा का नाही?' हे आलंच. पुढे रॉटरडॅमजवळच्या स्पायकेनिसे गावाने ते सातही पूल हौसेने रंगीत काँक्रीटमध्ये बांधून काढले. म्हणजे आता ते आहेत, पण सगळे एकट्या नेदरलँड्समध्ये!

भांडण पुढे ढकलायची हीच खोड १९९२च्या मास्त्रिख्त करारात दिसते. चलन एक, तिजोऱ्या वेगळ्या. अडचणीत आलेल्याचं काय? तर दुसऱ्याचं कर्ज कुणी अंगावर घ्यायचं नाही, एवढंच लिहून ठेवलं. ते कलम २०१५च्या उन्हाळ्यात कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये, अथेन्सच्या एटीएमसमोर रांगेत उभं राहिलं. एका कार्डावर, दिवसाला ६० युरो. ५ जुलैला ६१ टक्के ग्रीकांनी सार्वमतात धनकोंच्या अटींना 'नाही' म्हटलं, आणि आठच दिवसांत त्यांच्या सरकारने कडक अटींवर मान डोलावली. आपण तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख होतात. मी काय वेगळं सांगणार?

तरी ग्रीकांनी युरो सोडला नाही. फ्रान्सच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार मारीन ल पेन २०१७मध्ये युरोतून बाहेर पडायचं बोलत होत्या. हरल्या, आणि ते बोलणंही मागे पडलं. जर्मनीतला एएफडी पक्ष सोडा, पण आजचा बराचसा राष्ट्रवाद युरोवर रुसलेला नाही. त्याला नोट हवी आहे, फक्त आपल्या तिजोरीला शेजाऱ्याचा हात लागायला नको. मला हा राष्ट्रवाद जास्त अवघड वाटतो. बाहेर निघालेल्याला निदान थांबवून विचारता येतं. घरात राहून खर्चाला नाही म्हणणाऱ्याचं काय करायचं? २०२०मध्ये कोविडसाठी ७५० अब्ज युरोंचं सामाईक कर्ज उभं करायचं ठरलं, तेही 'फक्त या वेळेपुरतं' असं बजावून. आमच्या भारतातही 'आमचा कर दुसऱ्या राज्याला का?' ही कुरकुर कायमची आहे. पण ती मांडायला वित्त आयोग आहे, संसद आहे.

भांडणाला इतकं भिऊ नका. २०१५मध्ये बेल्जियमने वॉटर्लूच्या लढाईच्या द्विशताब्दीचं दोन युरोचं नाणं काढायचं ठरवलं, आपल्या पराभवाची आठवण म्हणून फ्रान्स चिडला. बेल्जियमने ते गुंडाळलं आणि अडीच युरोचं काढलं. असलं विचित्र किमतीचं नाणं काढणाऱ्या देशातच चालतं, त्याला इतर देशांची परवानगी लागत नाही. क्रोएशियाने नाण्यावर संशोधक टेस्ला घेतला, 'तो आमचा' म्हणून सर्बिया रागावला. युरोचं काही बिघडलं नाही.

आणि ही माणसं तरी एका देशाची कुठे आहेत? कॅलासबाई न्यूयॉर्कला जन्मलेल्या ग्रीक. क्युरीबाई वॉर्साच्या, जिथे अजून झ्लॉटी चालतो. सुटनरबाई प्रागच्या, तिथे कोरुना. क्युरी कुणाची, यावर पोलंड आणि फ्रान्स बोलतील, बोलू द्या. पुलांचं म्हणाल तर ते स्पायकेनिसेला बरे आहेत. तिथे निदान त्यांवरून सायकली जातात.

आपला,
एक मराठी वाचक