जाहिरातीतला चेहरा आणि पडद्यावरची आई

सावित्री नदीचे पाणी चढू लागले आहे. 2021 च्या पुराची धास्ती महाडच्या बाजारपेठेच्या मनातून अजून गेलेली नाही. पावसाचा जोर वाढला की खालचा माल माळ्यावर जातो. अशा दिवसांत एका जुन्या नटीवर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. आज 14 जुलै. 2003 साली याच तारखेला लीला चिटणीस अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावी वारल्या. त्या महाडच्या नव्हेत, पोलादपूरच्याही नव्हेत. त्यांचा जन्म 1909 चा, धारवाडचा. पण त्यांनी पडद्यावर जी आई उभी केली, तिच्याशी आपल्या घराघरांतली आई आपण अजून ताडून पाहतो. म्हणून आजची ही जागा त्यांची.

माहेरच्या त्या नगरकर, बी.ए. झालेल्या. लग्न झाले, चार मुलगे झाले आणि संसार मोडला. मग शाळेत शिकवायचे आणि नाटकात काम करायचे, असे दिवस काढले. ज्या काळात भल्या घरची बाई रंगभूमीवर पाऊल टाकताना दहादा विचार करी, त्या काळात पदवीधर बाईने पोटासाठी तोंडाला रंग लावला. 1937 च्या ‘जंटलमन डाकू’त तर त्या पुरुषी वेशात दिसल्या. 1939 साली बॉम्बे टॉकीजचा ‘कंगन’ आला, पाठोपाठ ‘बंधन’ आणि ‘झूला’. अशोककुमारबरोबर त्यांची जोडी जमली. 1941 मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला. तोवर ती जागा परदेशी तारकांची होती. तिथे आलेली पहिली भारतीय नटी ही चार मुलांची मराठी आई होती.

अवघ्या सात वर्षांत काय झाले पाहा. 1948 च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर होते तेरा वर्षांचे. 1951 च्या ‘आवारा’त राज कपूरची आई. नवरा संशयावरून घराबाहेर काढतो आणि भर पावसात, रस्त्यावर ती बाळंत होते. तो प्रसंग त्यांनी असा केला आहे की आजही पाहताना अंगावर काटा येतो. पुढे ‘गंगा जमुना’, ‘गाइड’. पांढरे लुगडे, खोकला आणि मुलाच्या वाटेकडे लागलेले डोळे. अभिनयात उणे काही नव्हते. उणे होते ते लिहिणाऱ्यांच्या डोक्यात. जाहिरातीतली देखणी बाई आणि कष्टाळू आई या एकाच देहात नांदत होत्या, हे त्यांना दिसले नाही. याच बाईने 1955 मध्ये ‘आज की बात’ हा चित्रपट दिग्दर्शित केला होता, हे आज कितीजणांना आठवते?

आता पोलादपूरच्या एसटी स्थानकात या. मुंबईची गाडी लागलेली असते. पिशवीत कुळथाचे पीठ, वाल, घरचे तांदूळ. मुलगा खिडकीशी बसतो, आई खालून पिशवी वर देते आणि पिशवीचे बांधलेले तोंड दोनदा चाचपून पाहते. गाडी वळणाआड जाते. चित्रपट इथेच थांबतो, पदर डोळ्यांना लागलेला. खरी बाई मात्र तशीच माघारी फिरते, कारण शेतात लावणी अर्धी राहिलेली असते. संध्याकाळी बचत गटाची बैठक असते, हप्ता भरायचा असतो. ती रडत नाही असे नव्हे. पण ती तेवढीच नसते.

बाईने कसे दिसावे, हा प्रश्न महाडला तरी नवा नाही. डिसेंबर 1927 मध्ये इथल्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी वेगळा संवाद केला. जातीची खूण सांगणारी नेसण आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि बायांनी ते मनावर घेतले. ज्या गावात हे घडले, त्या गावाने बाईला एकाच साच्यात बघू नये, ही आमची अपेक्षा वाजवी आहे.

लीलाबाई पुढे मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि शेवटी वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहिल्या. त्यांचे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र मराठीतच आहे. आपल्या तालुक्यांतल्या वाचनालयांनी ते मिळवून कपाटात ठेवावे.

आणि एक विनंती गावोगावच्या नाट्यमंडळांना. गणपती जवळ येत आहेत, वह्या लिहायला घेतल्या असतील, तालमी सुरू होतील. यंदाच्या नाटकात चाळिशीच्या बाईला एक भूमिका लिहा. तिला मुलगा असो वा नसो. तिचा स्वतःचा एक निर्णय असू द्या. आणि त्या भूमिकेसाठी गावातल्याच एखाद्या बाईला, तिच्या घरी जाऊन, मानाने विचारा.