मेन्यूकार्डाआधी दार पाहा

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आता नव्या धाटणीची उपाहारगृहे थाटली आहेत. ‘डॉक्टर, तिथे काय खावे?’ असे रुग्ण विचारतात. मी सांगतो, आधी बाहेर पडायचे दुसरे दार पाहा. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागली. १४ जण दगावले, बहुतेक गुदमरून. अनेकजण स्वच्छतागृहात अडकले होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. कळायच्या आत शुद्ध हरपते. म्हणून धूर दिसताच स्वच्छतागृहात शिरू नका, लिफ्ट टाळा, खाली वाकून जिना गाठा. जिन्यात खोकी रचलेली दिसली तर तिथे बसूच नका. चांगले जेवण दुसरीकडेही मिळते.