यष्टीमागची नजर

सुरतेत बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर. त्यावर हॉकी खेळणारे दूरदेशीचे. त्या खेळातला डेट्रॉइटचा कर्णधार स्टीव्ह आयझरमन २००६ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये टँपा बे संघाचा कारभारी झाला. मैदानातून असा पडद्यामागे गेलेला खेळाडू म्हटलं की आठवतात आपले बडोद्याचे यष्टिरक्षक किरण मोरे. ४९ कसोट्या, १३० बळी. १९८८ मध्ये मद्रासला विंडीजविरुद्ध एकाच कसोटीत सहा यष्टिचीत. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या १९९२ च्या विश्वचषकात सिडनीत पाकिस्तानच्या मियाँदादने त्यांची नक्कल करत मारलेल्या माकडउड्या! ग्लोव्हज उतरल्यावर मोरे निवड समितीत गेले, २००६ पर्यंत अध्यक्ष राहिले. धोनी भारतीय संघात आला तो त्यांच्याच काळात. आणि सुरतेचं नातं? इथल्या हिमांशू पंड्यांनी चालता धंदा गुंडाळून बिऱ्हाड बडोद्याला हलवलं, कारण मुलांना मोरेंच्या अकादमीत घालायचं होतं. ती मुलं म्हणजे कृणाल आणि हार्दिक. यष्टिरक्षकाला चेंडूआधी फलंदाजाचे पाय वाचावे लागतात. निवृत्तीनंतर कामाला येते ती हीच सवय. टाळ्या मात्र पुढे उभ्या असलेल्याला मिळतात.