खेळाडू रियाधला गेला, उस्तादाला काय मिळाले?

सौदी अरेबियातील फुटबॉल क्लबांनी गेल्या काही वर्षांत जगातील नामवंत खेळाडूंवर जो पैसा ओतला, त्याची चर्चा आमच्या बाजारातही होते. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, मारुती मंदिरापाशी चहाच्या टपरीवर, फर्निचरच्या कारखान्यात, जिथे चार माणसे जमतात तिथे रोनाल्डोचा पगार निघतोच. व्यापाराच्या पानावर खेळाचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. पण हा विषय मजुरीचा आहे, कसबी माणसाच्या किमतीचा आहे. आणि ज्या रियाध-जेद्दाहची ही गोष्ट आहे, तिथे रत्नागिरी जिल्ह्यातला सुतार, वेल्डर आणि एसी मेकॅनिक या खेळाडूंच्या कित्येक वर्षे आधी पोचला होता.

प्रथम आकडे पाहू. क्रिस्तियानो रोनाल्डोने २०२२ च्या अखेरीस रियाधच्या अल नस्र क्लबाशी करार केला. त्याची वर्षाची कमाई सुमारे २० कोटी युरो असल्याचे जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले. तेव्हाच्या दराने रुपयांत हा आकडा अठराशे कोटींच्या घरात जात होता. जून २०२३ मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने चार मोठ्या क्लबांची प्रत्येकी ७५ टक्के मालकी घेतली. त्याच उन्हाळ्यात बेन्झेमा जेद्दाहच्या अल इत्तिहादला आला, आणि ऑगस्टमध्ये ब्राझीलचा नेमार अल हिलालला आला. नेमारला सोडण्यासाठी पॅरिसच्या क्लबाला सुमारे ९ कोटी युरो मिळाले, असे सांगितले गेले.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही म्हणतात, पैशासाठी खेळ विकला. काही म्हणतात, नशीब काढले. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. माणसाच्या हातात कसब आहे आणि त्या कसबाला कुणी जास्त मोल देत असेल, तर त्याने जावे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामे सुरू झाली, तेव्हा खेड, चिपळूण, दापोली, राजापूरचे आपले लोक गेलेच. त्यांच्या मनीऑर्डरी आणि ड्राफ्टांवर किती घरांची कौले जाऊन स्लॅब आले, किती मुली शाळेत गेल्या, हे वाचकांना सांगायला नको. त्या वेळी त्यांना कुणी लोभी म्हटले नाही. मग खेळाडूलाच का म्हणावे?

आमचा प्रश्न दुसरा आहे. हा पगार कुठल्या पैशातून दिला जातो?

दुकानदाराला हे लगेच समजेल. नोकराचा पगार गल्ल्यातून निघत असेल तर धंदा चालू आहे तोवर पगार चालू आहे. पगार मालकाच्या खिशातून निघत असेल, गल्ल्याशी त्याचा संबंध नसेल, तर मालकाची हौस आहे तोवर पगार आहे. खिसा कितीही खोल असो, हौस फिरायला वेळ लागत नाही.

चीनमध्ये हेच झाले. २०१७ च्या सुरुवातीला शांघायच्या क्लबाने ब्राझीलच्या ऑस्करला ६ कोटी पौंड मोजून आणले. युरोपातले मोठमोठे क्लब तेव्हा घाबरले होते, की आता चीन सगळेच घेऊन जाईल. तिथल्या क्लबांचे मालक कोण होते? कुणी घरे बांधणारे बिल्डर, कुणी टीव्ही-फ्रीज विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचे मालक. सुनिंग या अशाच दुकान-साखळीच्या कंपनीचा जियांग्सू क्लब नोव्हेंबर २०२० मध्ये देशाचा विजेता झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे साडेतीन महिन्यांत, बंद पडला. ग्वांगझूचा क्लब एव्हरग्रांडे या बिल्डर कंपनीच्या पैशावर उभा होता. कंपनी कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२५ मध्ये क्लबही मोडीत निघाला. आठ वेळा देशाचा विजेता झालेला क्लब होता तो!

लांब कशाला जायचे, महाराष्ट्रातलेच पाहा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा क्लब २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकला होता. कंपनीने २०१० मध्ये तो बंद केला. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. मुंबईच्या संघात अनेल्का आला, पुण्याच्या संघात त्रेझेगे आला, दिल्लीला देल पिएरो. एकेकाळचे नामांकित खेळाडू, उतरत्या वयात, आपल्याकडे. टीव्हीवर झगमगाट मोठा होता. पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाला. जुलै २०२५ मध्ये तर लीग चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला करार पुढे न्यायचा की नाही, हे ठरेना म्हणून पुढचा हंगामच रोखून धरला गेला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या क्लबाने आपल्या मुख्य संघाचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. त्या संघात काही कोटींचे खेळाडू असतील, पण मालिश करणारे, कपडे सांभाळणारे, मैदान राखणारेही असतातच. हौस आटली की पहिला फटका त्यांना बसतो.

याउलट प्रो कबड्डीकडे पाहावे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाख मिळाले. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. हा भाव पायरी-पायरीने चढला आहे, कारण घरोघर बघणारे आहेत आणि बघणाऱ्यांमुळे जाहिरातदार आहेत. आम्ही याला गल्ल्यातला पगार म्हणू. उद्या तो खाली येणार नाही असे नाही, पण त्याच्यामागे विक्री आहे.

आता आम्हाला ज्या गोष्टीबद्दल खरे तर लिहायचे आहे, तिच्याकडे येतो. नेमार हा खेळाडू लहानपणी ब्राझीलच्या सांतोस क्लबात शिकला. २०१३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो बार्सिलोनाला गेला, तिथून पॅरिसला, तिथून रियाधला. या प्रत्येक सौद्यात सांतोसला काही मिळावे, असा नियम जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, २००१ पासून केलेला आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की किमतीतले पाच टक्के बाजूला काढायचे आणि त्याच्या वयाच्या १२ व्या ते २३ व्या वर्षापर्यंत त्याला ज्या-ज्या क्लबांनी शिकवले, त्यांना वर्षांच्या हिशेबाने वाटायचे. १२ ते १५ या वर्षांसाठी दर वर्षाला किमतीचा पाव टक्का, १६ ते २३ साठी दर वर्षाला अर्धा टक्का. ९ कोटी युरोंचे पाच टक्के म्हणजे ४५ लाख युरो. नियमाने यातला मोठा वाटा सांतोसचा होतो. दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या शागीर्दाच्या नव्या सौद्यातून उस्तादाच्या कारखान्याला हिस्सा! आणि हा हिस्सा खेळाडूच्या पगारातून कापला जात नाही, घेणारा मालक जी किंमत मोजतो तिच्यातूनच तो निघतो.

या नियमाला भोके आहेत. रोनाल्डो आणि बेन्झेमा सौदीला आले तेव्हा त्यांचे आधीचे करार संपलेले होते. किंमत मोजली गेली नाही, म्हणून पाच टक्केही नाहीत. मात्र तरुण खेळाडूंसाठी वेगळी सोय आहे. २३ वर्षांखालील मुलगा परदेशी क्लबात गेला, तर शिकवणीचा खर्च म्हणून जुन्या क्लबांना भरपाई द्यावी लागते, मग त्याला विकत घेतलेले असो वा नसो.

आता आपल्या रत्नागिरीत काय चालते ते पाहा. वर्कशॉपमध्ये चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा येतो. होडीचे इंजिन उघडायला, फ्रीजचा गॅस भरायला, वेल्डिंगची रेषा सरळ मारायला त्याला तीन-चार वर्षे लागतात. त्या काळात तो किती माल वाया घालवतो, किती गिऱ्हाइकांची बोलणी उस्ताद त्याच्यासाठी खातो, हे उस्तादालाच ठाऊक. हात बसला की मुलगा मुंबईत ट्रेड टेस्ट देतो आणि कुवेत, दोहा, दम्मामला जातो. जावे, आम्ही वर म्हटलेच आहे. पण उस्तादाच्या हाती काय राहते? पुढच्या मुलाला शिकवण्याची त्याची उमेद राहत नाही. म्हणून आज आपल्या गावात शिकवणारे कमी होत आहेत आणि बाहेरून तयार कारागीर आणण्याकडे कल वाढला आहे. बंदरातल्या होड्यांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी माणूस दिसतो, त्यामागचे एक कारण हेही आहे. त्याच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही, तोही आपल्या मुलुखातून जास्त मजुरीसाठीच आलेला आहे.

सरकारी योजना आहेत, पण छोट्या उस्तादाच्या उपयोगाच्या कमी. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याचा लाभ २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान चार माणसांच्या आस्थापनेला घेता येतो. आपल्या बहुतेक वर्कशॉपांत एक उस्ताद आणि दोन मुले. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत होड्या बांधणारे आणि जाळी विणणारेही धरले आहेत, ही चांगली गोष्ट झाली. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. पण ते कारागिराला मिळतात. त्याला ज्याने कारागीर केला, त्याचा रकाना त्यात नाही.

रियाधचा कंत्राटदार रत्नागिरीच्या उस्तादाला पाच टक्के पाठवील, अशी भाबडी आशा आम्ही करीत नाही. पण आपल्याच बाजारात काय होते? राजिवड्याच्या मेकॅनिकने शिकवलेला मुलगा मिरजोळे एमआयडीसीतला मालक दोन हजार जास्त देऊन उचलतो. हंगामाच्या आधी एका नौकामालकाचा तांडेल दुसरा मालक जास्त आगाऊ रक्कम देऊन नेतो. मग भांडणे, बोलचाल बंद, कधी पोलीस चौकी. इथे दोन्ही मालक एकाच गावचे, बऱ्याचदा एकाच मोहल्ल्याचे असतात. इथे तरी फिफासारखा नियम करायला काय हरकत आहे? दुसऱ्याने शिकवलेला मुलगा तीन वर्षांच्या आत घ्यायचा असेल, तर घेणाऱ्या मालकाने ठरलेली रक्कम उस्तादाला द्यावी. ती किती असावी हे त्या-त्या व्यवसायातल्या लोकांनी बसून ठरवावे. मुलाच्या पगाराला मात्र हात लावू नये, आणि त्याला अडवूनही ठेवू नये. बेल्जियमच्या बोसमान नावाच्या खेळाडूला करार संपल्यावरही क्लब सोडीना, तेव्हा डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितले, की करार संपला की माणूस मोकळा. आपल्याकडे काही मालक मुलगा पळू नये म्हणून दोन-दोन महिन्यांची मजुरी दाबून ठेवतात. हा प्रकार आम्हाला मान्य नाही. कतारमध्ये झहीर बेलूनिस या फ्रेंच-अल्जेरियन खेळाडूला पगाराच्या वादावरून देश सोडण्याची परवानगीच मिळेना, तो नोव्हेंबर २०१३ मध्ये सुटला. ती बातमी वाचून आपण कफीलांना बोल लावतो. मजुरी दाबून ठेवणाऱ्या मालकाने स्वतःला कोणत्या रांगेत उभे करावे?

उस्तादांकडूनही हिशेब मागावा लागेल. ज्याने मुलाला तीन वर्षे चहापाण्याच्या पैशांवर राबवले, झाडू मारायला लावले आणि हत्यार हातात उशिरा दिले, त्याने आपला हिस्सा आधीच वसूल केलेला आहे. फुटबॉलमधली भरपाईसुद्धा शिकवण्याच्या खर्चावर ठरते, उस्तादाच्या इच्छेवर ठरत नाही.

यासाठी आधी नोंद हवी. फुटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूची कोणत्या वयात तो कुठे शिकला याची लेखी नोंद असते, आणि तिच्यावरच सगळे वाटप चालते. आपल्या वर्कशॉपांत उधारीची वही असते, मुलांची नसते. मुलगा कोणत्या तारखेला आला, महिन्याला काय दिले, कोणते काम कधी शिकला, एवढे एका वहीत लिहून खाली उस्तादाची आणि मुलाच्या वडिलांची सही घेतली तरी पुरे. मुलालाही त्याची एक प्रत द्यावी, परदेशी जाताना अनुभवाचा कागद म्हणून त्याला ती दाखवता येईल.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. होड्या पाण्यात उतरण्याआधी तांडेल आणि खलाशी ठरवण्याची घाई सुरू होते. नौकामालकांनी त्याआधी जुलैत एकदा बसावे आणि आगाऊ रकमेचा व जुन्या मालकाच्या हिश्शाचा नियम निदान एका हंगामासाठी करून पाहावा. इंजिन मेकॅनिक आणि वेल्डर मंडळींनीही त्याच बैठकीला यावे, कारण मुले त्यांच्याकडून आणि होड्यांवरून एकमेकांकडे जात-येत असतात.