पालकांच्या नावाने, पालकांना वगळून

मुलांच्या शिक्षणासाठी पालकांना मदत करणारी ऑनलाइन साधने म्हटले की त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. पहिली म्हणजे मुलाने पाहायचे धडे, चित्रफिती आणि स्वाध्याय. दुसरी, पालकाने मुलासोबत घरी काय करावे हे सांगणारे साहित्य. तिसरी, प्रवेश, शिष्यवृत्ती, दाखले आणि शाळेची माहिती. पहिल्या प्रकाराचे पीक उदंड आहे, दुसऱ्याचे तुरळक, आणि तिसऱ्याला शैक्षणिक साधन म्हणून कोणी गणतच नाही. यांपैकी पालकाच्या खऱ्या कामाचे कोणते, याचे उत्तर शहरातल्या शिकलेल्या घराकडे पाहून देता येत नाही. ते कोरीटसारख्या गावाकडे पाहून द्यावे लागते.

कोरीट नंदुरबार तालुक्यात येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत इथली जवळपास ७० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. स्त्रियांची साक्षरता त्याहूनही खाली होती. घराघरांत भिली, मावची, पावरी, अहिराणी, गुजरी अशा बोली चालतात आणि पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत येते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. गंमत अशी, की देशातले पहिले आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. डिजिटल व्यवस्था इथे उशिरा पोहोचली, असे म्हणायला जागा नाही.

या विषयावर दोन पक्ष हिरिरीने मांडले जातात. एक पक्ष म्हणतो की आता सगळे मोबाइलवर फुकट आहे, न वापरणारा पालकच उदासीन. दुसरा म्हणतो की ज्याला स्वतःला वाचता येत नाही तो मुलाला काय शिकवणार, आणि मोबाइल हातात दिला तर मूल बिघडणारच. दोघे एकमेकांचे विरोधक दिसतात, पण त्यांचे गृहीतक एकच आहे. पालकाचे काम म्हणजे घरातला दुसरा शिक्षक होणे, असे दोघांनीही धरले आहे. चूक तिथेच आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की धड्याची चित्रफीत उघडते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी या कोडचा वापर करून दाखवला, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा ही गोष्ट जगभर गेली. हे सारे खरे आहे. पण हे साहित्य बोलते कोणाशी? ‘दीक्षा’चा आरंभ शिक्षकदिनी झाला आणि त्यामागे मुख्य विचार शिक्षकांचाच होता. क्यूआर कोडमागची चित्रफीत विद्यार्थ्यासाठी असते. तिथे पालकाचे काम एवढेच उरते, की मोबाइल विकत घ्यायचा, त्यात रिचार्ज भरायचा आणि तो मुलाच्या हाती द्यायचा.

मोबाइल मुलाच्या हाती दिल्यावर काय होते, हे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या अहवालांनी दाखवले आहे. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या पुढे गेले. पण त्याच २०२१ च्या पाहणीत, घरात स्मार्टफोन असलेल्या दर चार मुलांपैकी साधारण एकाला तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. कारण उघड आहे. घरात फोन एक असतो आणि तो कमावत्या माणसाच्या खिशात सकाळीच बाहेर पडतो. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या मुलांच्या घरी फोन जवळपास सर्वत्र पोहोचलेला दिसतो. आदल्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित काही कामासाठी तो वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी. म्हणजे साधन पोहोचले, पण त्यासोबत पालकाला काय करायचे ते पोहोचले नाही.

याच आकड्यांवर दुसरा पक्ष बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘बघा, फोनने मुले बिघडतात.’ पण फोन काढून घेणे हा उपाय शहरातल्या सुस्थितीतल्या घराला परवडतो, कारण तिथे पुस्तके, शिकवणी आणि शिकलेले आईबाप आधीच असतात. ज्या घरात छापील अक्षर फक्त पाठ्यपुस्तकातच येते, तिथून फोनही गेला तर उरते काय? शिवाय कुटुंब उसाच्या फडावर जाते तेव्हा शाळा, फळा आणि ग्रंथालय मागे राहते. सोबत जातो तो फोन. स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड अशा व्यवस्था राज्याने केल्या आहेत आणि त्यांची गरज वादातीत आहे. पण आईबापांबरोबर गेलेले मूल आणि त्याचे शिक्षक यांच्यात चार महिने बोलणे चालू ठेवू शकेल असे साधन फोनशिवाय नाही. बोलणे म्हणजे खरोखर बोलणे, आठवड्यातून एक फोन.

ही कल्पना हवेतली नाही. आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात महासाथीच्या काळात शाळा बंद असताना एक प्रयोग झाला. काही पालकांना दर आठवड्याला गणिताचे छोटे उदाहरण एसएमएसने पाठवले, तर काहींना एसएमएससोबत वीस मिनिटांच्या आतबाहेरचा फोनही केला. साधा फोन, इंटरनेट नाही. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. ज्या घरी फोन गेला, तिथल्या मुलांचे गणित मोजता येईल इतके सुधारले, आणि २०२२ साली हे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे भारतासह पाच देशांत त्याचा पडताळा घेण्यात आला. महागडे ॲप लागले नाही. लागला तो पालकाशी आणि मुलाशी बोलणारा माणूस. महाराष्ट्रातही त्या काळात ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही मोहीम निघाली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तिचा भर घर-परिसरात करता येण्याजोग्या कृतींवर होता. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकवली गेली. पडद्यावर तासभर व्याख्यान ऐकवणाऱ्या वर्गांपेक्षा हे प्रयत्न पालकाच्या जवळ जाणारे होते. शाळा उघडल्या आणि यातले बरेचसे मागे पडले, ही मात्र खेदाची गोष्ट.

आता निरक्षर पालकाचा प्रश्न. दुसऱ्या पक्षाचे हे सर्वांत बळकट वाटणारे शस्त्र, पण वापरून पाहिले तर ते बोथट निघते. राजस्थान आणि बिहारमधल्या खेड्यांत मातांवर एक मोठा अभ्यास झाला. काही मातांना साक्षरता वर्गात बोलावले, काहींना मुलासोबत घरी करायच्या कृती दर आठवड्याला दाखवल्या, काहींना दोन्ही दिले. फरक लहान होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मुलांच्या गणितात तो दिसला, आणि केवळ कृती दाखवलेल्या मातांच्या मुलांतही दिसला. आई साक्षर झाल्याशिवाय तिचा उपयोग नाही, हे मत इथे टिकत नाही. महाराष्ट्राने २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात हीच वाट धरली. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांचे वस्तीवार गट केले, प्रत्येक गटात एक लीडर माता नेमली, आणि आठवड्याच्या कृतीचा छोटा व्हिडिओ तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. एकीच्या फोनवर चौघी-पाचजणी पाहतात. घरातलीच भांडी, दाणे, काड्या घेऊन वर्गीकरण, मोजणी, गोष्ट सांगणे अशा कृती त्यात असतात. वाचायला फारसे काही नसते, करायला असते. पालकांसाठी असलेले साधन म्हणजे काय, याचा हा नेमका नमुना आहे.

नंदुरबारच्या मिरचीचा व्यापार सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मिरचीचा भाव, तोलाई, मजुरी आणि उचल यांचा हिशेब तोंडी करणारी बाई मुलाची वजाबाकी तपासू शकत नाही, हे मानायचे कसे? तिला कागदावरची आडवी-उभी मांडणी येत नसेल. पण ‘पाचशेची नोट दिली, तीनशे चाळीस झाले, परत किती?’ हे ती विचारू शकते आणि उत्तर चुकले तर तिला ते लगेच कळते. मूल अडखळत वाचते की ओघात, हे ऐकायलाही अक्षर यावे लागत नाही. तिला हवा आहे तो आठवड्याचा एकच प्रश्न, तिच्या बोलीत, आवाजी संदेशाने.

बोलीत म्हटले की लगेच हरकत येते: एवढ्या लहान बोलींत साहित्य कोण तयार करणार? ही हरकत जनगणनेच्या एका तक्त्यापुढे टिकत नाही. २०११ मध्ये भिली-भिलोडी बोलणाऱ्यांची नोंद एक कोटी चार लाखांहून अधिक आहे. आठव्या अनुसूचीतल्या काश्मिरीची सुमारे ६८ लाख, सिंधीची सुमारे २८ लाख आणि कोकणीची सुमारे २३ लाख. भिलीत साहित्य नसण्याचे कारण तिच्या भाषकांची संख्या नाही. भिलीच्या गावागावांतल्या छटा वेगळ्या आहेत, हे खरे. पण म्हणूनच मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओपेक्षा गावातल्या अंगणवाडी ताईने फोनवर केलेले दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण जास्त उपयोगी ठरते. त्याला खर्च जवळजवळ नाही. त्याला ‘दर्जेदार ई-साहित्य’ म्हणण्याची तयारी तेवढी लागते.

तिसऱ्या प्रकारच्या साधनांबाबत दोन्ही पक्ष गप्प असतात, आणि कोरीटसारख्या गावात मुलाचे पुढचे शिक्षण बऱ्याचदा त्यांवरच अडते. पाचवीतल्या मुलासाठी नवोदय प्रवेश परीक्षेचा अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क असतो. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर आहेत, जात आणि उत्पन्नाचे दाखले ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर. प्रत्येकाला मुदत आहे, आणि मुदत संपली की वर्ष गेले. पालकाला हे कळते ते बहुधा ऑनलाइनच्या दुकानात, तेही दुकानदाराला सवड असेल तेव्हा. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे आणि बँक पासबुकात तिसरे, अशा स्पेलिंगच्या फरकावर अर्ज अडतात. देशातले पहिले आधार जिथे निघाले तिथल्या मुलांची शिष्यवृत्ती आधारवरच्या एका अक्षराने अडावी, यावर वेगळे भाष्य नको. कोणत्या इयत्तेत कोणता अर्ज, कोणती कागदपत्रे आणि शेवटची तारीख काय, हे पालकांच्या गटावर महिनाभर आधी आवाजी संदेशाने सांगणे हे शंभर धड्यांच्या चित्रफितींपेक्षा मोठे शैक्षणिक साहाय्य आहे.

ऑनलाइन शिकवणीच्या बाजाराने मात्र पालकाला ओळखले आहे, फक्त गिऱ्हाईक म्हणून. ‘मोफत चाचणी’च्या नावाखाली घेतलेली सही, खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्ते, कर्जावर दिलेले टॅब अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला पालकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. ती सूचना पालकांना उद्देशून होती, पण गावपातळीवर घराघरांतल्या बोलीत ती सांगायची कोणी, याची तजवीज नव्हती.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. पालकांना साधने पुरवली की शाळा आणि सरकार आपली जबाबदारी त्यांच्यावर ढकलतील, असे अनेक शिक्षणप्रेमी म्हणतात. पालकाला दुसरा शिक्षक बनवायचे असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण पालकाला जाणकार करायचे असेल तर परिणाम उलट होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया. कलम २४ नुसार मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कायद्याने अधिकार दिला, पण काय विचारायचे ते कोणी सांगितले नाही, म्हणून सभांत चर्चा पोषण आहार आणि गणवेशापुरती राहते. ‘असर’चे वाचनाचे एकपानी साधन मुळात गावातल्या स्वयंसेवकाने घरी जाऊन वापरण्यासाठी बनलेले आहे. त्यात दुसरीच्या पातळीचा एक छोटा मजकूर असतो. शेजारच्या दहावीतल्या मुलीला सोबत घेऊन कोणतीही आई तो आपल्या मुलाकडून वाचून घेऊ शकते, आणि ‘माझा मुलगा तिसरीत आहे, हे त्याला वाचता येत नाही, आता काय करणार?’ असे समितीच्या सभेत विचारू शकते. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. ही आई पाचवीच्या निकालाची वाट पाहत बसली तर प्रश्न उशिरा विचारला जातो. तिसरीत विचारला तर शाळेच्या हाती अजून दोन वर्षे असतात.