हवी फक्त एक खोली

दारू सोडणे कठीण. सुटलेली दारू सुटलेलीच ठेवणे त्याहून कठीण. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांनी एकमेकांना सावरले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी काठोकाठ आले की आपोआप उघडतात. मनाला तशी सोय नसते, त्यासाठी ऐकणारी माणसे लागतात. परंतु उपचार घेऊन गावी परतलेल्याने दर आठवड्यास कोल्हापूरची एस. टी. गाठावी, हे किती दिवस चालणार? शिवाय लहान गावात लौकिकाचे भय पावलोपावली. अशा सभेस शुल्क नाही, पूर्ण नाव सांगण्याची सक्ती नाही. हवी ती सायंकाळी शाळेची एक खोली. ती उघडून देणे आणि तेथे कोण आले याविषयी मौन पाळणे, एवढे तरी शिक्षकांच्या हाती निश्चित आहे.